मेथीची जुडी आणि कायद्याचे माप



कच्च्या मेथीचा घोळाणा आपण हौसेने करतो. तिच्यावर फवारलेल्या औषधाचा अंश किती चालेल, हे सरकार ठरवते. जनावरांना अपाय न करणाऱ्या मात्रेचा बहुधा शंभरावा भाग माणसाला रोज निर्धोक धरतात. नीट फवारणीनंतर शेतात उरणारा अंश त्यात बसतो का, हे पाहतात. वेगळे माप नसले, तर पालेभाजीला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटींत एक भाग!

पण फवारल्यावर ठरलेले दिवस न थांबता खुडलेली जुडी या मापात कशी बसावी? पानात मुरलेले औषध धुऊन जात नाही, आणि मुलांची अंगे तर लहान. म्हणून भगिनींनो, भाव विचारण्याआधी विचारू या, "फवारून किती दिवस झाले?"