पंपाचा आवाज

कवीनं पोहण्याच्या तलावावर बोलायचं म्हटलं की पाण्यातल्या चंद्राची वाट बघितली जाते. मी आज पंपाविषयी बोलणार आहे.

बी.ए. झालो आणि नोकरी मिळेना, तेव्हा अलिबागजवळच्या एका बंगल्याची राखण पत्करली. मागे तलाव होता. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, दीड मीटर खोल. म्हणजे ७५ हजार लिटर पाणी. पंप तासाला १० हजार लिटर ओढायचा. सगळं पाणी एकदा गाळून निघायला साडेसात तास. सकाळी नऊला चालू केला की साडेचारला बंद.

पंपाच्या तोंडाशी जाळीची टोपली असते. तिच्यात बदामाची पानं अडकत, पावसाळ्यात बेडूकसुद्धा. ती रोज रिकामी करायची. झाकणाच्या रबरी रिंगेवर वाळूचा एक कण राहिला तरी पंप हवा ओढतो. वाळूच्या फिल्टरवरचा काटा नेहमीपेक्षा ८-१० पौंडांनी चढला की पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. पण पंप बंद करून मगच व्हॉल्व्हचा दांडा फिरवायचा. हे सगळं मला पाठ होतं. माझ्या कवितांपेक्षा जास्त.

मे महिन्यात एके दिवशी मी ओसरीवर लिहीत बसलो होतो. उन्हानं तलावाची पातळी उतरली होती आणि पाणी घालायचं राहून गेलं होतं. पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागला. त्याचा आवाज बदलला, तो मी ऐकलाही. पण एक ओळ जुळत होती. ती जुळेपर्यंत अर्धा तास गेला.

कोरडा चालल्यानं पंपाच्या दांड्यावरचं सील तापून गेलं. दुसऱ्या दिवसापासून थेंब थेंब पाणी गळू लागलं. फडकं गुंडाळून मी ते झाकलं, कारण विचारलं असतं तर काय सांगणार होतो? गुरुवारी ओल्या पायांनी मोटारीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

मी मेन स्विच पाडला, किटकॅट काढून खिशात घातले.

शनिवारी शेठ मुलाबाळांसह आले. पाणी हिरवट झालेलं. ‘पंप लाव,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘शेठ, आज कुणाला पाण्यात उतरू देऊ नका.’ मग ओळीपासून फडक्यापर्यंत सगळं सांगितलं. ते भडकले. ‘कविता करायला ठेवलंय का तुला?’ ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तरी किटकॅट दिले नाहीत.

रविवारी वायरमन आला. सीलमधून गळलेलं पाणी मोटारीत शिरून वाइंडिंगला ओल धरली होती. अर्थिंगची तार तर खाऱ्या हवेनं गंजून केव्हाच तुटली होती. ते पाप माझं एकट्याचं नव्हतं. त्यानं नवी तार टाकली, गळती झाली की आपोआप वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा ब्रेकर बसवायला लावला. सील आणि वाइंडिंगचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. नोकरी राहिली.

त्या दिवशी जुळलेली ओळ पुढं कुठल्याच कवितेत बसली नाही. आजही लिहिताना शेजारच्या इमारतीचा पंप लागला की माझं पेन थांबतं. आवाज एकसारखा आहे ना, तेवढं ऐकतो आणि मग पुढं लिहितो.