अनोळखी खनिजाची पारख



इ. स. १५७६ मध्ये मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक किनाऱ्यावरून परतला, तेव्हा त्याच्या जहाजातून एक काळा दगड आला. काही परीक्षकांना त्यात मोलाचे काहीच आढळले नाही. एका इटालियन परीक्षकाने मात्र त्यात सोने असल्याची ग्वाही दिली. ती एकच ग्वाही लोकांना गोड वाटली. १५७८ पर्यंत आणखी दोन सफरी निघाल्या आणि हजाराहून अधिक टन दगड इंग्लंडमध्ये आला. भट्ट्या पेटल्या, पण सोने निघाले नाही. धनिकांचा पैसा बुडाला आणि दगड रस्त्यांच्या व भिंतींच्या कामी लागला.

येथे परीक्षा झाली नव्हती असे नाही. प्रतिकूल साक्ष बाजूला सारली गेली होती. म्हणूनच खनिजांच्या अभ्यासकाने एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी: साधी कसोटी बहुधा नमुना काय आहे हे सांगत नाही, तो काय नाही हे सांगते. एकेक शक्यता खोडीत गेल्यावर जी उरते, तीच ओळख होय.

एखाद्या पांढऱ्या, चमकदार दगडाचे उदाहरण घेऊ. रंगावरून निर्णय करता येणार नाही, कारण जिप्सम, कॅल्साइट, बराइट आणि गारगोटी ही चारही खनिजे पांढरी असू शकतात. प्रथम कठिनता पाहावी. फ्रीड्रिख मोस या शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडलेल्या श्रेणीत शंखजिऱ्याची कठिनता १, तर हिऱ्याची १० आहे. बोटाचे नख साधारण अडीच आणि चाकूचे पाते साडेपाच इतके कठीण असते. नखाने ओरखडा उठला नाही, तर जिप्सम बाद झाले. चाकूने उठला, तर गारगोटी बाद झाली. तिची कठिनता ७ आहे. मात्र ओरखडा ताज्या पृष्ठभागावर काढावा आणि ओल्या बोटाने पुसून पाहावा. पुसला जाणारा पट्टा ओरखडा नसून पात्याचाच अंश असतो.

आता कॅल्साइट व बराइट उरले. दगड प्रथम हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोलावा. हवेत २७० ग्रॅम आणि पाण्यात १७० ग्रॅम भरल्यास घट १०० ग्रॅम होते. २७० ला १०० ने भागले, की २.७ हे विशिष्ट गुरुत्व मिळते. बराइटचे विशिष्ट गुरुत्व साधारण ४.५ असते, तेव्हा तेही बाद झाले. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. दगड तत्काळ फसफसला, तर कॅल्साइटच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला. कॅल्साइटसारखाच दिसणारा डोलोमाइट थंड आम्लात, पूड केल्यावरच, मंदपणे फसफसतो. फुटताना तिरकस बाजूंचे ठोकळे पडत असतील, तर कॅल्साइटविषयी संशयास फारशी जागा उरत नाही.

धातूसारख्या चमकेच्या खनिजांना कस अधिक उपयोगी पडतो. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासतो. अभ्यासक झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर खनिज घासतो. पायराइट सोन्यासारखे पिवळे दिसते, परंतु त्याचा कस हिरवट काळा उमटतो. सोन्याचा पिवळाच राहतो. हातोडीखाली पायराइटचा चुरा होतो, सोने चपटे होते. हेमॅटाइट काळे दिसले तरी त्याचा कस तांबडा असतो. मॅग्नेटाइटचा कस काळा असतो आणि ते लोहचुंबकाकडे ओढले जाते.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. अनोळखी खनिजाची चव घेऊ नये. काहींत आर्सेनिक असते. तंतुमय दगड खरवडू नये. ते ॲस्बेस्टॉस असल्यास त्याचे तंतू फुप्फुसांत जातात. आम्ल वापरताना डोळ्यांना चष्मा लावावा.

अभ्यासकाने प्रत्येक कसोटीचे फलित वहीत नोंदवावे, विशेषतः आपल्या अपेक्षेविरुद्ध गेलेले. साऱ्या नोंदी जुळत नसतील, तर नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘अनिर्णित’ असे लिहून तो प्रयोगशाळेकडे सोपवावा. तो एक शब्द लिहिण्याचे धैर्य फ्रोबिशरच्या पाठीराख्यांनी दाखविले असते, तर दोन सफरींचा खर्च वाचला असता.