मोजणीदार चार, घटना शेकडो



एका हिशेबापासून सुरुवात करतो. १०,००० ओळी आणि १०,००० रकाने असलेला एक तक्ता आहे. प्रत्येक घरात आठ बाइटचा एक आकडा, आणि मेमरीत हे आकडे ओळीने मांडलेले. सगळ्यांची बेरीज करायची आहे. एक प्रोग्राम ओळीओळीने जातो, दुसरा रकान्यारकान्याने. बेरजा दोघांच्याही दहा कोटी, उत्तर तेच. पण दुसऱ्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. घड्याळ म्हणतं, उशीर झाला. कशामुळे झाला, ते घड्याळाला कुठून कळणार?

त्यासाठी प्रोसेसरच्या आत परफॉर्मन्स काउंटर बसवलेले असतात. चौकात खुर्ची टाकून वाहनं मोजणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. वाहन गेलं की कागदावर एक रेघ, पाचवी रेघ आडवी. हे काउंटर तसेच. मात्र मोजणीदाराला आधी सांगावं लागतं : ट्रक मोजायचे की रिक्षा, आणि कोणत्या रस्त्यावरच्या. आज मला बोलायचंय ते या सांगण्याबद्दल.

१९९३च्या पेंटियममध्ये इंटेलने असे दोन काउंटर ठेवले, प्रत्येकी ४० बिटांचे. पण ते कसे वापरायचे, हे गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्यांनाच कळायचं. १९९४ साली तेर्ये मॅथिसेन या नॉर्वेजियन प्रोग्रामरने स्वतः शोधून काढलेली माहिती ‘बाइट’ मासिकात छापली आणि झाकलेली मूठ उघडली. आज ही माहिती इंटेलच्या जाडजूड पुस्तिकांमध्ये कुणालाही वाचता येते.

आता आपणच एक काउंटर लावू. प्रोसेसरमध्ये १८६ क्रमांकाचं एक रजिस्टर आहे. हा क्रमांक आणि पुढचे रजिस्टरांचे व घटनांचे आकडेही हेक्साडेसिमल पद्धतीतले आहेत. या रजिस्टरमध्ये ३२ बिटांची एक सूचना लिहायची. सर्वांत खालच्या आठ बिटांत घटनेचा क्रमांक : २ई. पुढच्या आठांत तिचा उपप्रकार : ४१. दोन्ही मिळून अर्थ होतो, ‘शेवटच्या पातळीच्या कॅशमध्ये न सापडलेली मागणी मोज’. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी; तिच्या एकाखाली एक पातळ्या असतात. शून्यापासून मोजत सोळावा बिट लावला, की आपल्या प्रोग्रामचं काम मोजलं जातं; सतरावा लावला, तर कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचंही. बाविसावा बिट म्हणजे रिक्षाचं मीटर टाकणं. तो नसेल तर बाकी सगळी तयारी फुकट. जुळवून आकडा होतो ४१४१२ई. एवढ्याने भागत नाही. ३८एफ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये सगळ्या काउंटरांचा मेन स्विच आहे, तोही लावावा लागतो. ही रजिस्टरं लिहिण्याचा अधिकार फक्त कर्नलचा. म्हणून लिनक्समध्ये २००९पासून त्यासाठी सोय आहे, आणि ‘पर्फ’ हे साधन आपल्या वतीने कर्नलकडे अर्ज करतं.

मोजता येण्याजोग्या घटना शेकडो; मोजणीदार मात्र मोजकेच. इंटेलच्या स्कायलेक पिढीत प्रत्येक थ्रेडला असे चार काउंटर, शिवाय प्रोग्रामच्या सूचना आणि प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके मोजणारे तीन ठरावीक. चारांपेक्षा जास्त घटना मागितल्या, की लिनक्स पाळ्या लावतं. प्रत्येक घटना थोडा वेळ मोजायची आणि त्या प्रमाणात पूर्ण वेळेचा अंदाज बांधायचा. पर्फ कंसात टक्केवारी दाखवतं, ती या पाळीची. ती २५ टक्के असेल, तर तीन चतुर्थांश वेळ त्या रस्त्यावर कुणी बसलेलंच नव्हतं. प्रोग्राम अगदी छोटा असेल, तर अशा अंदाजावर विसंबू नये.

आता आपल्या तक्त्याकडे परत येऊ. मेमरीतून एका वेळी ६४ बाइटचा तुकडा येतो, म्हणजे आठ आकडे. ओळीने जाणारा आठही वापरून पुढे सरकतो. रकान्याने जाणारा एक वापरतो आणि ८०,००० बाइट दूर उडी मारतो. एका रकान्यासाठी असे १०,००० तुकडे लागतात, म्हणजे ६,४०,००० बाइट. आपण लावलेला काउंटर पाहा. शेवटच्या पातळीचा कॅश काही मेगाबाइटचा असतो. हे तुकडे त्यात मावतात आणि पुढच्या सात रकान्यांना बहुधा तिथूनच मिळतात. त्यामुळे दोन्ही प्रोग्रामांच्या आकड्यांत डोळ्यांत भरेल असा फरक दिसेलच असं नाही. इथे घाईत एखादा म्हणेल, ‘कॅशचा काही दोष नाही.’

पण स्कायलेकमध्ये पहिल्या पातळीचा कॅश ३२ किलोबाइटचा आहे. रकाना संपण्याच्या कितीतरी आधी तिथले तुकडे बाहेर ढकलले जातात. स्कायलेकवर घटना डी१ आणि उपप्रकार ०८ लिहा, म्हणजे पहिल्या पातळीवर चुकलेलं वाचन मोजलं जाईल, आणि दोन प्रोग्रामांमधला फरक समोर येईल. पहिला काउंटर खोटं बोलला नव्हता. आपण त्याला ट्रक मोजायला बसवलं होतं, आणि कोंडी केली होती रिक्षांनी.