सोसण्याचा उपदेश



कामावर लैंगिक छळ झालेल्या भगिनीस “सोसून घे” असा उपदेश आपण पुष्कळदा करितो. परंतु तिच्या सोसण्याने अपराध्याचेच धार्ष्ट्य वाढते. सन २०१३ च्या कायद्याने १० वा अधिक माणसे कामास असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारींकरिता अंतर्गत समिती नेमणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्याहून लहान ठिकाणी कामास असलेल्या स्त्रियांकरिता जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची असते. लिहिता येत नसल्यास समितीनेच साह्य करावे, असा नियम आहे. म्हणून आपण तिला गप्प न बसविता तिजबरोबर समितीपर्यंत जाऊ या, आणि डोळ्यांनी पाहिले असेल ते निर्भयपणे सांगू या. आपणांपैकी जे मालक आहेत त्यांनी समिती नेमण्यास तक्रारीची वाट पाहू नये.