गोळी कुठवर पुरते?

गांधीलमाशी डसली, अंगावर गांधी उठल्या, की घरात आधी सेट्रिझिनची गोळी शोधली जाते. नुसती खाज असेल तर ते ठीकच. पण गोळी लागू पडायला अर्धा-एक तास जातो, आणि सुजलेला घसा किंवा घसरलेला रक्तदाब तिच्याने आवरत नाही. आवाज बसला, धाप लागली, भोवळ आली, तर जीव वाचवते ते मांडीच्या स्नायूत तातडीने दिलेले ॲड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. अशा वेळी गोळीच्याच जातीचे ॲविल तेवढे टोचून पेशंटला घरी धाडणे मला धोक्याचे वाटते. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. दवाखान्यात नेताना माणसाला आडवे ठेवा. धाप असेल तर बसू द्या. चालवत मात्र नेऊ नका.