दिशादर्शक घड्याळ आणि त्याचे शोधन



उत्तर दिशा विचारली असता मूल सूर्याकडे पाहते. शिक्षक मनगटावरील दिशादर्शक घड्याळाकडे पाहतो. दोन उत्तरे भिन्न आली, तर मुलाने कोणते खरे मानावे?

या घड्याळात चुंबकसूची नसते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजणारी सूक्ष्म संवेदके असतात. हे क्षेत्र फार मंद असते. त्यामुळे लोखंडी बाक, दुचाकी वा ध्वनिक्षेपक यांच्या सान्निध्यात मापन बिघडते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय वेध अलिबागेस न्यावे लागले. तेथे ते १९०४ साली सुरू झाले. वेधशाळेची ही कथा, तेथे घड्याळाचा काय पाड? अजिंक्यताऱ्याच्या काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिजांचे कण असतात. म्हणून घड्याळ खडकावर टेकवून दिशा पाहू नये.

सहलीपूर्वी मोकळ्या मैदानात, लोखंडापासून दूर उभे राहून घड्याळाचे शोधन करावे. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे ते सपाट धरून सावकाश फिरवावे, किंवा हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे हलवावे. साताऱ्यात चुंबकीय उत्तर व भौगोलिक उत्तर यांत एक अंशाहूनही कमी अंतर आहे. अधिक तफावत दिसल्यास दोष घड्याळाचा वा जागेचा समजावा.

पडताळा मात्र मुलांनीच घ्यावा. मैदानात सरळ काठी रोवून दिवसाची सर्वांत आखूड सावली त्यांनी आखावी. ती दक्षिणोत्तर असते. घड्याळ तिच्याशी जुळले, तर यंत्रावरील विश्वास डोळस होईल. न जुळले, तर शिक्षकाने ते मोकळेपणाने मान्य करून पुन्हा शोधन करावे. यंत्रही तपासून घ्यावे लागते, हा धडा दिशाज्ञानाहून लहान नाही.