शिक्षकांच्या हातांसही शाळा हवी



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं ओतूर व आसपासच्या गांवांतील शाळांविषयीं दोन शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें. आपल्या जुन्नर तालुक्यांत खोडद येथें तीस तबकड्यांच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीचें मुख्य ठाणें आहे. तिची एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. जगभरचे संशोधक तिचा उपयोग करतात. परंतु तिच्या शेजारीं वाढणारीं कित्येक मुलें मात्र अपूर्णांकाच्या नांवानें कांपतात. हें दुःख लहान नव्हे. गणिताच्या भीतीनें सुटलेली शाळा पुन्हा धरणें कठीण.

ही भीति जन्मतः कोणाच्या अंगीं नसते. हातानें न केलेलें व डोळ्यांनीं न पाहिलेलें ज्ञान पाठ करावें लागलें, कीं ती उपजते. आणि ज्या शिक्षकास स्वतः प्रयोग करावयास कधीं मिळालेंच नाहीं, त्यानें तो मुलांच्या हातीं कसा द्यावा? म्हणून आधीं शिक्षकांची कार्यशाळा व मग मुलांचा वर्ग, हाच क्रम योग्य होय.

ही वाट नवी नाहीं. १९७२ सालीं मध्य प्रदेशांत होशंगाबाद (आजचें नर्मदापुरम्) जिल्ह्यांतील सोळा शाळांत किशोर भारती व रसुलियाचें फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं असा उपक्रम आरंभिला. शिक्षक एकत्र जमत, स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करीत, वाद घालीत, आणि मग वर्गांत जात. २००२ सालीं तेथील सरकारनें तो बंद केला. परंतु त्यांत तयार झालेले हात कोणत्या हुकुमानें बंद व्हावे? त्या उपक्रमांत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनीं पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुलांच्या विज्ञानकेंद्रांत टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकविलें. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे व आगकाड्या जोडून त्यांचा चौकोन करावा, तो कलंडतो. त्रिकोण करावा, तो ढळत नाहीं. मग घराच्या छपराची कैची त्रिकोणीच कां, हें मुलास सांगावें लागत नाहीं.

ओतुरास शोभेल असा एक प्रयोग आम्ही सुचवितों. मे महिन्यांत शाळेच्या पटांगणांत ओळंब्यानें पाहून एक काठी सरळ रोवावी व दर पांच मिनिटांनीं सावलीच्या टोकाशीं खडा ठेवावा. बारा वाजतां सावली सर्वांत आंखूड होईल, असें आपण समजतों. ती होते साडेबाराच्या सुमारास! कारण आपलें घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२½ अंश रेखांशाचें, आणि ओतूर सुमारें ७४ अंशांवर. एका अंशास सूर्याला चार मिनिटें लागतात. साडेआठ अंशांचीं झालीं चौतीस. तारखेप्रमाणें त्यांत कांहीं मिनिटांचा फरक पडतो. महिन्याच्या मध्याच्या सुमारास तर एके दिवशीं त्या क्षणीं सावली काठीच्या बुडाशींच विरते. भूगोल, गणित व खगोल हे तीन विषय एका काठीनें उलगडले. खर्च कांहींच नाहीं.

यास्तव आमची विनंति एवढीच, कीं प्रत्येक शाळेनें वर्षांतून निदान दोन दिवस शिक्षकांस अशा कार्यशाळेसाठीं मोकळे ठेवावे, आणि पालकांनीं ते दिवस फुकट गेले असें म्हणूं नये. प्रयोग फसला, तर शिक्षकानें मुलांबरोबर बसून कारण शोधावें. गुरुजीही शोधतात, हें पाहिलेलें मूल प्रश्न विचारण्यास भीत नाहीं.